ऑनलाइन ट्रॅकिंगवर लष्करी आणि सरकारी विमानं कशी ओळखायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानांचा माग दाखवणारी संकेतस्थळं आता मोबाइलवर सहज उघडतात. डोक्यावरून गेलेलं विमान इंडिगोचं की एअर इंडियाचं हे बघता बघता एखाद्या दिवशी वेगळाच ठिपका समोर येतो. त्यावर कंपनीचं नाव नसतं आणि कुठून कुठे चाललंय तेही दिलेलं नसतं. मग प्रश्न सुरू होतात. मला पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जमेल तिथे उदाहरणं आपल्याकडची घेतली आहेत.

लष्करी विमानं अशा संकेतस्थळांवर दिसतातच कशी? ती गुप्त नसतात का?

दिसतात, कारण ती स्वतःच आपला ठावठिकाणा सांगत असतात. विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर सतत संदेश सोडतो: मी अमुक विमान, या अक्षांश-रेखांशावर, इतक्या उंचीवर, इतक्या वेगाने. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. संदेश कूटबद्ध नसतो, आसपासच्या सगळ्यांनी ऐकावा म्हणूनच तो असतो. जगभरातल्या हौशी लोकांनी गच्चीवर लावलेले छोटे रिसीव्हर तो पकडतात आणि इंटरनेटवरून संकेतस्थळाला पाठवतात.

आता हवाई दलाच्या मालवाहू विमानाला दिल्लीहून युरोपात जायचं असेल, तर तेही प्रवासी विमानांच्याच मार्गांनी आणि त्याच कंट्रोलरांच्या देखरेखीखाली जातं. टक्कर टाळायची तर दिसणं भाग आहे. कायद्याने मात्र त्यांना सूट आहे. १९४४ च्या शिकागो कराराचं तिसरं कलम लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या विमानांना 'राज्याची विमानं' मानतं आणि नागरी विमानांच्या नियमांतून वगळतं. म्हणून गरज पडली की ती ट्रान्सपाँडर बंद करतात किंवा त्यातली जागा सांगणारी माहिती थांबवतात. तुम्हाला जे लष्करी विमान दिसतंय ते बहुतेक वेळा दिसू दिलेलं आहे, ही एक गोष्ट या छंदात कायम डोक्यात ठेवावी लागते. पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत.

कोणतं संकेतस्थळ वापरू?

फ्लाइटरडार२४ सगळ्यांना माहीत आहे. २००६ साली दोन स्वीडिश छंदिष्टांनी ते सुरू केलं. वापरायला सोपं आहे, आपल्याकडे रिसीव्हरही चांगले आहेत. पण काही विमानं मालकांच्या किंवा सरकारांच्या विनंतीवरून तिथे लपवली जातात, नाहीतर अर्धवट माहितीसह दिसतात.

लष्करी विमानांसाठी एडीएस-बी एक्स्चेंज जास्त उपयोगी पडतं. २०१६ साली सुरू झालेलं हे संकेतस्थळ आलेली माहिती गाळत नाही, आणि तिथे फक्त लष्करी विमानं दाखवणारं बटण आहे. जानेवारी २०२३ मध्ये ते जेटनेट या कंपनीने विकत घेतलं. त्यावर नाराज झालेल्या अनेकांनी आपले रिसीव्हर इतर, हौशी लोकांनीच चालवलेल्या जाळ्यांकडे वळवले. त्यामुळे आज एकाच संकेतस्थळावर भिस्त ठेवू नये. एका ठिकाणी न दिसलेलं विमान दुसरीकडे दिसतं, कारण दोन्हींचे रिसीव्हर वेगळे असतात.

ठिपका लष्करी आहे हे नक्की कशावरून ठरवायचं?

हेक्स कोडवरून. बाकी सगळं त्याच्यानंतर.

प्रत्येक ट्रान्सपाँडरला २४ बिटांचा एक पत्ता दिलेला असतो. तो शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं वापरून सहा स्थानांत लिहितात. तोच हेक्स कोड. असे एकूण १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते आहेत आणि ते देशांना ठरावीक पट्ट्यांत वाटून दिले आहेत. भारताचा पट्टा ८००००० पासून ८३एफएफएफएफ पर्यंत आहे. म्हणजे कोड ८० ते ८३ यांपैकी कशानेही सुरू झाला की विमान भारताच्या नोंदीतलं. पाकिस्तानचे कोड ७६० ते ७६७ ने सुरू होतात. चीनचा पट्टा ७८ पासून ७बी पर्यंत आहे.

काही देश आपल्या पट्ट्यातला एक तुकडा लष्करासाठी राखून ठेवतात. अमेरिकेचं ए ने सुरू होणारं दालन मोठं आहे, त्यातलं एई ने सुरू होणारं जवळपास सगळं लष्करी. ब्रिटनचं ४३सी ने सुरू होतं. भारताच्या बाबतीत ८००२०० ते ८००२एफएफ हा तुकडा ट्रॅकिंगच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लष्करी म्हणून धरला जातो. आपलं प्रत्येक लष्करी विमान त्यातच सापडेल अशी खात्री मात्र धरू नका.

हेक्स कोड हा गाडीच्या चासी नंबरासारखा आहे आणि कॉलसाइन, म्हणजे त्या उड्डाणापुरतं रेडिओवर वापरायचं नाव, ही त्या दिवशी काचेवर लावलेली पाटी. पाटी ड्रायव्हर रोज बदलू शकतो. चासी नंबर बदलायचा तर गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. नोंदणी बदलली की हेक्स कोडही बदलतो, आणि संकेतस्थळांच्या यादीत जुनं नाव कित्येक महिने तसंच राहतं. म्हणून यादी काय म्हणते ते वाचा आणि मग फोटोंच्या संग्रहात शेपटीवरचा क्रमांक ताडून बघा.

मग कॉलसाइनला काहीच किंमत नाही का?

आहे, आणि भरपूर आहे. पण तो वैमानिकाने उड्डाणाआधी बटणं दाबून भरलेला असतो. त्यामुळे त्यात चूक असू शकते, मुद्दाम साधा ठेवलेला असू शकतो, रिकामाही असू शकतो.

नेहमी दिसणारे काही सांगतो. भारतीय हवाई दलाचा आंतरराष्ट्रीय संकेत आयएफसी आहे. पुढे आकडे असतात. अमेरिकेच्या मालवाहू ताफ्याचा आरसीएच, उच्चार 'रीच'. ब्रिटिश हवाई दलाचा आरआरआर, उच्चार 'ॲस्कॉट'. जर्मनीचा जीएएफ, फ्रान्सचा सीटीएम, कॅनडाचा सीएफसी. अमेरिकेच्या बड्या पाहुण्यांची ने-आण करणारी विमानं एसएएम किंवा एसपीएआर लावतात.

याच एसपीएआरमुळे २ ऑगस्ट २०२२ ला अख्खं जग एका ठिपक्याकडे बघत बसलं होतं. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला जाणार की नाही याची चर्चा चालू असताना क्वालालंपूरहून एसपीएआर १९ उडालं. बोइंग ७३७ च्या घराण्यातलं सी-४०सी विमान. दक्षिण चीन समुद्र टाळून ते आधी बोर्निओकडे गेलं, मग फिलिपिन्सच्या पूर्वेकडून वर वळलं आणि तैपेईच्या सोंगशान विमानतळावर उतरलं. फ्लाइटरडार२४ च्या आकड्यांनुसार उतरताना ७ लाख ८ हजार लोक ते पाहत होते आणि उड्डाणाचा काही ना काही भाग २९ लाख २० हजार जणांनी पाहिला. इथे कॉलसाइन खरा होता, विमान खरं होतं, आणि लपवण्याचा काही प्रयत्न नव्हता.

उलट उदाहरण २६ डिसेंबर २०१८ चं. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प गाजावाजा न करता इराकमधल्या अल असद तळावर निघाले होते. त्यांच्या विमानाने कॉलसाइन लावला आरसीएच ३५८, म्हणजे रोजच्या मालवाहू विमानासारखा. पण इंग्लंडमध्ये शेफील्डवर आकाश निरभ्र होतं. एका छंदिष्टाने खालून फोटो काढला आणि निळ्या-पांढऱ्या रंगातलं चार इंजिनांचं ते विमान कुणालाही ओळखता येण्यासारखं होतं. ट्रॅकिंग करणाऱ्यांनी फोटो आणि ठिपका जुळवला आणि भेटीची घोषणा होण्याआधीच अंदाज बांधला. पाटी बदलली, विमान तेच राहिलं.

भारतीय विमानांचे क्रमांक कसे वाचायचे?

हवाई दलाच्या क्रमांकात आधी अक्षरं असतात आणि ती बहुधा विमानाचा प्रकार सांगतात. सी-१७ ग्लोबमास्टरच्या क्रमांकाआधी सीबी, सी-१३०जे सुपर हर्क्युलिसच्या आधी केसी, सुखोई-३० च्या आधी एसबी, डॉर्नियरच्या आधी एचएम. नुसता के असेल तर आयएल-७६, एएन-३२ किंवा अतिविशिष्ट व्यक्तींचं विमान. नौदलाचे क्रमांक आयएन ने सुरू होतात, तटरक्षक दलाचे सीजी ने.

ट्रॅकिंगवर सर्वांत जास्त वेळा दिसतात ती मोठी वाहतूक विमानं. आपल्याकडे ११ सी-१७ आहेत आणि त्यांचं घर दिल्लीशेजारचं हिंडन. परदेशात मदत न्यायची वेळ आली की ही विमानं दूरवर जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाल्यावर 'ऑपरेशन दोस्त'मध्ये एनडीआरएफची पथकं आणि लष्कराचं फिरतं रुग्णालय घेऊन ती आदानाला उतरली. अशा मोहिमेत हेक्स कोड ८० ने सुरू, प्रकार सी१७, कॉलसाइन आयएफसी आणि आकडे, असा सगळा संच जुळतो. नव्याने शिकणाऱ्याने सुरुवात अशाच विमानांपासून करावी, कारण इथे उत्तर पडताळून बघता येतं: सरकार स्वतःच फोटो प्रसिद्ध करतं आणि त्यात शेपटीवरचा क्रमांक दिसतो.

प्रकाराचे संक्षेपही शिकून घ्या. सी३०जे म्हणजे सी-१३०जे, पी८ म्हणजे पी-८आय, डी२२८ म्हणजे डॉर्नियर, बी७७डब्ल्यू म्हणजे बोइंग ७७७-३००ईआर. हे संक्षेप विमान स्वतः पाठवत नाही. हेक्स कोडवरून संकेतस्थळ आपल्या यादीतून ते भरतं, त्यामुळे यादी चुकली तर प्रकारही चुकतो.

पंतप्रधानांचं विमान दिसतं का?

बऱ्याचदा दिसतं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या लांबच्या परदेश दौऱ्यांसाठी दोन बोइंग ७७७-३००ईआर आहेत. ही विमानं आधी एअर इंडियाच्या नावावर होती, व्हीटी-एएलव्ही आणि व्हीटी-एएलडब्ल्यू. अमेरिकेत त्यांच्यात खास बदल करून घेतले गेले, पहिलं ऑक्टोबर २०२० मध्ये परत आलं, आणि पुढे हवाई दलाच्या नोंदीत त्यांना के७०६६ आणि के७०६७ हे क्रमांक मिळाले. देशांतर्गत आणि जवळच्या प्रवासासाठी पालमच्या तुकडीकडे राजदूत, राजहंस आणि राजकमल ही तीन ७३७ विमानं आणि एम्ब्रेअर लेगसी जेट आहेत.

एप्रिल २०२५ चा सौदी दौरा या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. २२ एप्रिलला जेद्दाहला जाताना पंतप्रधानांचं विमान पाकिस्तानवरून गेलं. त्याच दिवशी पहलगामचा हल्ला झाला, दौरा आवरता घेतला गेला आणि परतीच्या वाटेवर विमानाने पाकिस्तान टाळून अरबी समुद्रावरून, गुजरातमार्गे दिल्ली गाठली. ट्रॅकिंगच्या नकाशावर जाण्याची आणि येण्याची रेषा शेजारी शेजारी ठेवली की हा निर्णय उघड दिसतो. वर्तमानपत्रांनीही दुसऱ्या दिवशी तोच नकाशा छापला. मला ट्रॅकिंगचा हा उपयोग सर्वांत मोलाचा वाटतो: प्रवास संपल्यावर, कुणालाही धोका न होता, एका घटनेचा पुरावा हाती राहतो.

आणि मुख्यमंत्र्यांचं?

राज्य सरकारांची विमानं आणि हेलिकॉप्टरं नागरी नोंदवहीत असतात. त्यांचा क्रमांक इतर खासगी विमानांसारखाच व्हीटी ने सुरू होतो आणि मालक म्हणून राज्य सरकारचं नाव असतं. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर कोसळलं आणि सुदैवाने सगळे वाचले. ते महाराष्ट्र शासनाचं सिकोर्स्की होतं, व्हीटी-सीएमएम. नेते भाड्याच्या विमानांतूनही हिंडतात, विशेषतः निवडणुकीत. त्यामुळे नुसत्या नोंदणीवरून 'सरकारी' ठरवता येत नाही. शिवाय हेलिकॉप्टरं इतकी खालून उडतात की गावाकडे ती रिसीव्हरच्या टप्प्यातच येत नाहीत.

मी पुण्यात विमाननगरला राहतो. सुखोई कान फाडून जातात, पण नकाशावर काहीच दिसत नाही. असं का?

लढाऊ विमानं सहसा एडीएस-बी वापरत नाहीत. त्यांच्याकडे शत्रू-मित्र ओळखण्याची कूटबद्ध यंत्रणा असते, जिचे संदेश आपल्या रिसीव्हरला उलगडत नाहीत. नागरी रडारसाठी साधा ट्रान्सपाँडर चालू असला तरी त्यात जागेची माहिती नसते. म्हणून लोहगावला नकाशावर तुम्हाला प्रवासी विमानं रांगेत थांबलेली किंवा आकाशात घिरट्या घालताना दिसतात. धावपट्टी एकच आहे, ती हवाई दलाची आहे आणि सुखोईंना जागा दिली जातेय, एवढं त्यावरून समजतं.

ओझरलाही हेच. तिथे एचएएलमध्ये तयार होणाऱ्या लढाऊ विमानांच्या चाचण्या होतात आणि नाशिककरांना आवाजावरून त्या समजतात, पण ट्रॅकिंगवर शोधत बसण्यात वेळ घालवू नका.

उडण्याच्या रेषेवरून काय ओळखता येतं?

अनुभवी लोक कोड बघण्याआधी रेषा बघतात, आणि ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

ठरावीक उंचीवर लांबट अंडाकृती फेऱ्या, तासन् तास त्याच जागी: हवेत इंधन भरणारं विमान गिऱ्हाइकाची वाट बघतंय, किंवा रडार वाहून नेणारं टेहळणी विमान. समांतर रेघांमागून रेघा: शोधमोहीम किंवा सर्वेक्षण, आणि सर्वेक्षण करणारी नागरी विमानंही असंच करतात. एकाच धावपट्टीवर पुन्हा पुन्हा खाली येऊन न थांबता वर जाणं: वैमानिकांचं प्रशिक्षण. प्रवासी विमानांच्या वर, ५० हजार फुटांच्या पलीकडे संथ चाललेला ठिपका: बहुधा मानवरहित टेहळणी विमान. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला होण्याच्या आधीच्या दिवसांत अमेरिकेची ग्लोबल हॉक विमानं 'फोर्टे' या कॉलसाइनने सिसिलीतल्या सिगोनेला तळावरून येऊन काळ्या समुद्रावर आणि युक्रेनवर अशीच फिरत होती. ट्रान्सपाँडर चालू ठेवून. आम्ही बघतोय हे दिसावं हाच त्यातला हेतू असावा, असं माझं मत आहे.

आता गोव्याचं एक उदाहरण सावकाश बघू. दाबोळीवरून एक ठिपका उठतो. कॉलसाइनची जागा रिकामी. हेक्स कोड ८० ने सुरू, प्रकाराच्या रकान्यात पी८. तो मुंबई-दिल्लीच्या मार्गाला लागत नाही, सरळ पश्चिमेला समुद्राकडे निघतो. वीस-पंचवीस हजार फुटांपर्यंत चढतो, किनारा बराच मागे पडल्यावर खाली यायला लागतो. उंचीचा आकडा उतरत जातो आणि मग ठिपका जागच्या जागी गोठतो. काही तासांनी किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, परत येताना, पुन्हा उगवतो. दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे आणि २९ मार्च २०२२ पासून तिथे पी-८आय विमानांची आयएनएएस ३१६ ही तुकडी आहे. पाणबुड्या शोधणारं हे विमान ७३७ च्याच सांगाड्यावर बांधलेलं आहे, त्यामुळे खालून बघणाऱ्याला ते प्रवासी विमान वाटतं. जवळून पाहिलं तर खिडक्यांची रांग नसते. एवढ्या खुणा जुळल्या की 'नौदलाचं पी-८आय, गस्तीवर' असं म्हणायला हरकत नाही. कशाच्या गस्तीवर, ते मात्र या ठिपक्यातून कळत नाही आणि तसा दावा करू नये.

मोपा सुरू झाल्यापासून गोव्यात दोन विमानतळ आहेत. लष्करी विमान शोधताना ठिपका कुठल्या धावपट्टीवरून उठला ते आधी बघा.

मधेच गायब झालं! पाडलं का?

जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर एकच असतं: रिसीव्हरला ऐकू येईनासं झालं. १०९० मेगाहर्ट्झचे संदेश सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीची गोलाई आड येते. ३५ हजार फुटांवरचं विमान समुद्रसपाटीवरच्या अँटेनाला साधारण ४२५ किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकतं. तेच विमान १ हजार फुटांवर आलं की टप्पा ७० किलोमीटरच्या आसपास येतो. कोकणात सह्याद्री आडवा येतो, तिथे आणखी कमी. भर समुद्रात तर रिसीव्हर नसतातच. उपग्रहांवरून एडीएस-बी ऐकण्याची सोय २०१९ पासून आहे, पण ती माहिती फुकटच्या नकाशांवर सहसा नसते.

जागा न सांगणारी काही विमानं तरीही नकाशावर येतात. चार किंवा जास्त रिसीव्हरना तोच संदेश किती फरकाने पोचला हे मोजून जागा काढता येते. या पद्धतीला एमएलएटी म्हणतात. अशी रेषा थरथरती, तुटक असते. तिच्या बारीक वळणांवरून निष्कर्ष काढू नका.

विमान एकदम शंभर किलोमीटर उडी मारून दुसरीकडे दिसलं. हे काय?

जीपीएसमध्ये अडथळा. विमान आपली जागा जीपीएसवरून काढतं आणि तीच पाठवतं. जीपीएसला कुणी फसवलं तर विमान चुकीची जागा प्रामाणिकपणे सांगत राहतं. आपल्या वायव्य सीमेवर, अमृतसर-जम्मूच्या पट्ट्यात, असे प्रकार नोंदले गेले आहेत. पूर्व भूमध्य आणि काळ्या समुद्राच्या परिसरात तर वर्षानुवर्षं चालू आहेत. एकाच वेळी त्या भागातली अनेक प्रवासी विमानं वेड्यावाकड्या रेषा काढत असतील तर दोष जीपीएसचा आहे, हे लगेच समजतं.

स्क्वॉक ७७०० दिसला तर?

स्क्वॉक हा कंट्रोलरने दिलेला चार आकड्यांचा क्रमांक. ७७०० म्हणजे आणीबाणी, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७५०० म्हणजे अपहरण. आकडे फिरवताना हे क्रमांक क्षणभर चुकून लागू शकतात, म्हणून काही मिनिटं टिकतो का ते बघा. लष्करी विमान ओळखायला याचा फार उपयोग नाही.

आत कोण बसलंय हे कळतं का?

नाही. ठिपका विमान सांगतो, माणूस सांगत नाही. लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे.

५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना यांनी ढाका सोडलं तेव्हा बांगलादेश हवाई दलाचं सी-१३०जे, कॉलसाइन एजेएएक्स १४३१, भारताच्या दिशेने येताना दिसलं आणि हिंडनला उतरलं. त्या दुपारी जगात सर्वाधिक पाहिलं जाणारं विमान तेच होतं. अंदाज बरोबर निघाला. पण तो कशावर उभा होता ते पाहा. विमानाचा देश, प्रकार आणि दिशा ट्रॅकिंगने दिली. हसीना देश सोडून निघाल्या हे बातमीदारांनी सांगितलं. त्या विमानात त्याच आहेत हे जोडकाम होतं, आणि ते उतरल्यानंतरच पक्कं झालं. जगात कुठे बंड झालं की त्या देशातून निघालेल्या प्रत्येक जेटमध्ये पळपुटा राष्ट्राध्यक्ष बसवणारे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यातला बराचसा माल असल्याच जोडकामाचा असतो.

विमान खोटी ओळख सांगू शकतं का?

तांत्रिकदृष्ट्या, हो. २०२० मध्ये अमेरिकेच्या टेहळणी विमानांनी दक्षिण चीन समुद्रावर मलेशियाच्या विमानाचा कोड वापरला, असा आरोप चीनकडून झाला होता. साध्या निष्काळजीपणातूनही चुकीचे कोड लागतात. कोड एका देशाचा, वेग आणि उंची दुसऱ्याच प्रकारच्या विमानाची, आणि उगम लष्करी तळ, असं विजोड काही दिसलं तर 'ओळख अनिश्चित' अशीच नोंद ठेवा.

हे सगळं बघणं कायदेशीर आहे का?

सार्वजनिक संकेतस्थळ उघडून बघणं ही एक गोष्ट, स्वतः अँटेना लावणं दुसरी आणि तळाच्या कुंपणाशी कॅमेरा घेऊन उभं राहणं तिसरी. तिन्हींची गल्लत करू नका.

बिनतारी यंत्रं बाळगण्यावर आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून नियंत्रण आहे आणि त्या व्यवस्थेची जागा आता दूरसंचार कायदा २०२३ घेतो आहे. रिसीव्हर मागवण्याआधी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचे सध्याचे नियम स्वतः वाचा. संरक्षण दलांच्या विमानतळांवर, म्हणजे पुणे आणि दाबोळीलाही, प्रवाशांनी उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी किंवा जमिनीवर असताना फोटो काढायला मनाई आहे. तळांच्या बाबतीत शासकीय गोपनीयता कायदा १९२३ लागू होतो आणि तो कडक आहे. २०१० साली दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानांची टिपणं घेणाऱ्या दोन ब्रिटिश छंदिष्टांना अटक झाली होती. युरोपातही काही वेगळं नाही: २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाताला ब्रिटिश आणि डच निरीक्षकांचा एक गट हेरगिरीच्या आरोपाखाली पकडला गेला, शिक्षा झाली आणि अपिलात सुटका झाली.

तणावाच्या दिवसांत दिसलेलं भारतीय लष्करी विमान शेअर करू का?

नका करू. हे मी कळकळीने सांगतोय.

२००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते आणि ते दूरचित्रवाणीवर थेट दिसत होतं. आत असलेल्या अतिरेक्यांच्या सूत्रधारांना पाकिस्तानात बसून तेच चित्र मिळत होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात या थेट प्रक्षेपणावर कठोर शब्दांत टीका केली. मुंबईने ही किंमत मोजलेली आहे. पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण दलांच्या हालचालींचं थेट वार्तांकन करू नये अशी सूचना काढली. त्यात कारगिल, २६/११ आणि कंदाहारचा उल्लेख होता, आणि ती समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही उद्देशून होती.

'संकेतस्थळावर सगळ्यांनाच दिसतंय, मग मी टाकलं तर काय बिघडलं?' असं विचारतात. बिघडतं ते असं: हजारो ठिपक्यांत हरवलेला एक ठिपका तुम्ही वेचून, ओळख पटवून, त्यावर बोट ठेवून देता. शत्रूचं काम तुम्ही सोपं करता. ट्रान्सपाँडर चालू राहिला असेल तर ती कदाचित वैमानिकाची विसर असेल, आणि तिचा फायदा कुणाला मिळू नये. मी स्वतः पाळतो ते असं: मदतकार्य आणि जाहीर दौरे, विमान उतरल्यानंतर. गस्त, सराव, सीमेजवळची हालचाल, कधीच नाही. परदेशी सैन्याच्या बाबतीतही चालू मोहिमेची जागा टाकायची नाही. तिकडेही आत माणसंच असतात.

सुरुवात कुठून करू?

जवळचा एकच विमानतळ निवडा आणि महिनाभर तिथली नागरी वाहतूकच बघा. कुठून येतात, कुठल्या उंचीवर वळतात, कुठे घिरट्या घालतात. नेहमीचं काय हे डोळ्यांत बसल्याशिवाय वेगळं काय ते दिसत नाही. नागपूरला सोनेगाव, गोव्याला दाबोळी, पुण्याला लोहगाव ही तिन्ही ठिकाणं यासाठी चांगली, कारण प्रवासी आणि लष्करी वाहतूक एकत्र चालते.

एक वही किंवा शीट ठेवा. रकाने पाच पुरेत: वेळ, हेक्स कोड, कॉलसाइन, उंची आणि रेषेचं वर्णन. 'ओळख' हा सहावा रकाना शेवटी भरायचा आणि त्यात खात्री किती तेही लिहायचं: कोडवरून, फोटोवरून की नुसता अंदाज. ही वही आपल्यापुरती ठेवा. वेळेचं विशेष जपा. बरीच संकेतस्थळं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवतात, आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. यूटीसीनुसार संध्याकाळी ७ ला उडालेलं विमान आपल्याकडे दुसऱ्या तारखेला रात्री साडेबाराला उडालेलं असतं, आणि तारीख चुकली की पुढची सगळी जुळवाजुळव चुकते. म्हणून वेळ यूटीसीत आहे की भारतीय, हे रकान्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा.